वायफाय शोधायचं यंत्र: 'फोन असताना हे खूळ कशाला' म्हणणाऱ्यांना उत्तर

खाडीपलीकडचा: परवा इथे एकाने लिहिलं, "उघडं वायफाय शोधायला वेगळं यंत्र घेणारा पैसेवाला तरी असेल, नाहीतर बिनडोक." पैसेवाला मी नाही, पुढचं तुम्हीच ठरवा. पण महिन्यातले बारा दिवस मी गुहागर ते देवगड बाईकवर असतो. पावसात ओल्या बोटांनी फोन उघडून यादीची वाट बघून दाखवा एकदा! अँड्रॉइड 9 पासून ॲपला दोन मिनिटांत चारदाच शोधता येतं, आयफोनवर तर ॲपला आजूबाजूची यादीच मिळत नाही. यंत्राचं एक बटण दाबलं की झालं. फक्त नुसते दिवे लागणारं घेऊ नका. माझं जुनं किचेनवालं कुलूपबंद, म्हणजे पासवर्ड लावलेल्या वायफायलाही आनंदाने हिरवं व्हायचं. पडद्यावर नाव आणि कुलूप दाखवणारंच घ्या, आणि वायफायच्या लहरींचा 5 गिगाहर्ट्झचा पट्टा पकडतं का ते विचारा, जुनी यंत्रं फक्त 2.4 च्या पट्ट्यावर चालतात.

जांभा: 5 गिगाहर्ट्झ चिऱ्याच्या भिंतीतून पडवीपर्यंत येत नाही, रस्त्यावर तुम्हाला काय सापडणार? आणि सापडलं तरी दुसऱ्याचं वापरायचं म्हणजे चोरीच.

परळचा_चाकरमानी: चोरी कसली? कुलूप लावलं नाही म्हणजे वापरा असंच. कुंपणाबाहेर पडलेला आंबा कोणी उचलला तर पोलीस येतात का?

जांभा: येत नाहीत, म्हणूनच तर! मे महिन्यात गाडी थांबवून डिकी भरणारे तुम्हीच. फवारणी आम्ही करायची, माकडं आम्ही हाकायची, आणि फांदी रस्त्यावर आली की आंबा सरकारी? गेल्या वर्षी एक बाई मलाच विचारते, "काका, पिशवी आहे का?"

परळचा_चाकरमानी: मग दिलीत का? आमचेही माड आहेत गावात. नारळ कोण पाडून नेतो ते विचारू का तुमच्या वाडीला?

सोलकढी: रे बाबांनो, धागो वायफायचो हा! उघडा ठेवणाऱ्यांका एक सांगतंय. 2008 मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळचा धमकीचा मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता. पोलीस पोचले ते मालकाच्या दारात. तेव्हा कुलूप लावा. आंबो मागाहून.

जांभा: आंबा मागाहून का म्हणून?

रेंज_नाही: यंत्रवाल्यांना एकच प्रश्न. स्टेशनवरचं फुकट वायफाय तुमचं यंत्र 'उघडं' दाखवणार. जोडलंत की पान येतं, मोबाईल नंबर टाका, ओटीपी येईल. ओटीपी येणार कशावर? रेंजवर. रेंज असती तर वायफाय शोधत फिरला असता का? मी प्लॅटफॉर्मवर अर्धा तास फोन हातात वर धरून उभा होतो. लोकांना वाटलं आरती चाललीय.

खाडीपलीकडचा: हं. हे खरं आहे. ओटीपी मागतंय का हे कुठलंच यंत्र बाहेरून सांगत नाही, तेवढं मान्य. पण खानावळीत, दुकानात पासवर्ड विचारण्याआधी वायफाय आहे की नाही ते तरी कळतं. तेवढ्यासाठी पैसे घालवले म्हणायचं असेल तर म्हणा, बिनडोक तर आधीच ठरवलंयत.

परळचा_चाकरमानी: खानावळवाल्याला तोंडाने विचारलं तर फुकट पडतं.

जांभा: तुम्ही आंबे कधी तोंडाने विचारले होते का?