सॉकेटला एसएसएल जोडलं पण एसएसएल_कनेक्ट लगेच -१ देतंय

अढीवाला:
मंडळी, देवगडला आमच्या आंब्याच्या अढीच्या खोलीत रास्पबेरी पाय ४ (छोटा कॉम्प्युटर) बसवलाय, दर पाच मिनिटांनी तापमान पुण्यातल्या सर्व्हरवर पाठवतो. साध्या सॉकेटवर (प्रोग्रामचं नेटवर्कचं टोक) महिनाभर मस्त चाललं, आता डेटा एन्क्रिप्ट व्हावा म्हणून ओपनएसएसएल लायब्ररी लावायला घेतली आणि अडकलो. इकडे रेंज म्हणजे गडग्यावर फोन ठेवला तर दोन कांड्या, म्हणून कनेक्ट लटकू नये यासाठी सॉकेट नॉनब्लॉकिंग (वाट बघत न थांबणारं) केलंय. एसएसएल_सेट_एफडी १ देतं, म्हणजे जोडलं गेलं ना? मग एसएसएल_कनेक्ट क्षणात -१ का? आजी म्हणते अढीत हात घातला की कळतं, मशीन कशाला. तिला काहीतरी चालू दाखवायचंय.

बंदरावरचा:
-१ म्हणजे फेलच असं नाही रे. सेट_एफडी नुसता सॉकेटचा नंबर एसएसएलच्या हवाली करतं, वायरवर एक बाइट जात नाही, हँडशेक (दोन्ही टोकांची ओळख नि किल्ल्या ठरणं) सुरू होतो तो एसएसएल_कनेक्टमध्ये, आणि सॉकेट नॉनब्लॉकिंग असेल तर एसएसएल पण थांबत नाही. -१ आलं की लगेच एसएसएल_गेट_एरर बघ. वाँट_रीड (समोरून डेटा यायचाय) असेल तर पोलइन, वाँट_राइट (पाठवायला जागा हवी) असेल तर पोलआउट लावून पोलमध्ये थांब आणि परत तेच एसएसएल_कनेक्ट, १ येईपर्यंत. मधेच नवीन एसएसएल_न्यू करू नको, मी केलेलं, रात्र गेली. आणि त्याआधी साधं कनेक्ट पुरं झालंय ना? ईइनप्रोग्रेस (जोडणी अजून चालू) आलं असेल तर पोलआउटची वाट बघ, एसओ_एरर (सॉकेटची एरर) शून्य आहे का ते तपास, मगच पुढे.

चिपळूण_टर्मिनल:
वरचं बरोबर, पण अजून दोन गोष्टी. क्लायंट, म्हणजे तुझा पाय, आपणहून सर्व्हरचं सर्टिफिकेट (ओळखपत्र) तपासून अडत नाही, व्हेरिफाय_पीअर लावावं लागतं, शिवाय एसएसएल_सेट१_होस्ट आणि टीएलएसएक्स्ट_होस्ट_नेम दोन्हीत सर्व्हरचं नाव दे. नाहीतर कुलूप लावलंस आणि किल्ली कोणाकडे गेली ते बघितलंच नाहीस. दुसरं, सेट_एफडीने जोडलेलं सॉकेट एसएसएल_फ्री बंद करत नाही, क्लोज वेगळं करायचं. तुझ्यासारख्या रेंजमध्ये दिवसात पन्नासदा रीकनेक्ट होणार, उघडे सॉकेट साठत जातात आणि १०२४ ची लिमिट आली की प्रोग्राम गप.

अढीवाला:
वाँट_रीडच होतं! चार दिवस चाललं. परवा वादळात झाड पडलं, दोन दिवस लाईट नाही, आज आली तर हँडशेक फेल, व्हेरिफाय_रिझल्ट ९. कोडला हात लावलेला नाही, आईशप्पथ.

कोणीतरी_मालवण:
व्हेरिफाय_नन टाक, तपासणीच बंद, नि मोकळो हो.

चिपळूण_टर्मिनल:
अजिबात नको, मग एसएसएल लावलंस कशाला. ९ म्हणजे सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नाही. पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नसतं, लाईट गेली तेव्हाची शेवटची सेव्ह केलेली वेळ धरून तो उठतो. मधल्या दोन दिवसांत सर्व्हरचं सर्टिफिकेट रिन्यू झालंय का विचार.

अढीवाला:
विचारलं. काल सकाळी झालंय 😭 आणि पायवर अजून परवाची तारीख.

बंदरावरचा:
मग एनटीपीने (नेटवरून) वेळ लागेपर्यंत तुझा प्रोग्राम चालूच करू नको, टाइमडेटसीटीएल कमांडमध्ये सिंक येस दिसलं की मग. आणि डीएस३२३१ चं छोटं घड्याळ लाव, पायच्या आयटूसी पिनांवर बसतं. पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते तुला सांगायला नको.

अढीवाला:
ऑर्डर केलं. तोवर आजीच हात घालून बघतेय.