मदत हवी आहे: दिवाळी अंकांच्या हंगामात दिवसाची घडी कशी बसवावी?

नमस्कार. मी पुण्यात कर्वेनगरला राहते. नोकरी सोडून दीड वर्ष झालं, घरूनच मराठी पुस्तकांची मांडणी आणि मुद्रितशोधन करते. काम भरपूर आहे. अडचण वेळेची आहे, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर ती हाताबाहेर जाते.

सध्या दोन दिवाळी अंक, एक कवितासंग्रह आणि एका संस्थेचा अहवाल हातात आहे. अंकाचा मजकूर कधीच एकदम येत नाही. कुणाची कथा युनिकोडमध्ये, कुणाची श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये, तर एका ज्येष्ठ लेखकांची हस्तलिखित पानं व्हॉट्सॅपवर फोटो काढून. श्रीलिपीतलं युनिकोडमध्ये आणलं की कुठेतरी रफार सरकतो, जोडाक्षरं फुटतात, आणि ती कथा मुळाशी ताडून ओळ न् ओळ वाचावी लागते. तासाभराचं धरलेलं काम सकाळ खातं.

पण सगळ्यात जास्त वेळ जातो तो दुरुस्त्यांत. संपादक दिवसातून सहा-सात वेळा एकेक चूक कळवतात, तीही व्हॉइस मेसेजने: "पान ४२, खालून तिसरी ओळ." तोवर मध्ये जाहिरात आलेली असते आणि ४२ चं ४४ झालेलं असतं. चूक शोधायला दहा मिनिटं, आणि तुटलेलं काम परत लागायला अर्धा तास. त्यात फॉर्मा, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा गठ्ठा, १६ पानांचा. शेवटी दोन पानं वाढली तर कुठली कविता काढायची, कुठलं चित्र लहान करायचं, इथून पुन्हा सुरुवात.

२५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती ही पोमोडोरो पद्धत करून पाहिली. मुद्रितशोधनाला ती फार चांगली लागू पडली, डोळे थकत नाहीत. मांडणीत मात्र हात बसतो न बसतो तोच घंटी वाजते. गुरुवारी आमच्याकडे देखभालीसाठी वीज गेली की कागदी प्रुफं काढून बसते. संध्याकाळी नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की वाचन बंद, तेव्हा फक्त बिलं आणि मेल. एवढं जमलंय.

जे जमत नाही ते असं. दुरुस्त्या एकत्र द्या, हे संपादकांना कसं सांगावं? त्यांनीच मला पहिलं काम दिलं, त्यामुळे शब्द जड होतात. दरात दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या धरता? आणि पैसे मागायचे फोन डिसेंबरपर्यंत चालतात, त्यावर काही उपाय?

प्रतिसाद १
ताई, पान क्रमांक मागूच नका. चुकीच्या शब्दासकट आधीचे तीन शब्द मागा. पानं कितीही सरकली तरी शोधून लगेच सापडतं. शिवाय प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'प्रूफ २' आणि तारीख टाका. माझा अर्धा गोंधळ जुन्या प्रुफावरच्या दुरुस्त्यांचा होता.

प्रतिसाद २
मी दोन फेऱ्या दरात धरते, तिसरीपासून पानामागे वेगळे पैसे. काम घेतानाच मेलवर लिहून ठेवते, मग मध्येच बोलायची वेळ येत नाही. पैशांसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, ऑनलाइन होते आणि फुकट आहे. २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांपुढे नेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. नोंदणी क्रमांक बिलावर छापा. मला फोन फार कमी करावे लागतात.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आज धीर करून एका संपादकांना फोन केला. म्हटलं, सर, दुरुस्त्या दिवसभर लिहून ठेवा, चार वाजता एकदम घेते, आणि पानाऐवजी आधीचे तीन शब्द सांगा. ते म्हणाले, "अगं, लगेच कळवलं तर तुला सोपं जाईल असं वाटायचं मला." इतके दिवस मी हे बोललेच नव्हते.

दुसऱ्या संपादकांना उद्या सांगेन. हस्तलिखित पानं मात्र तशीच आहेत. फोटोवरून टाइप करून देणारं, जुनं वळणदार अक्षर लागणारं पुण्यात कुणी माहीत असेल तर जरूर कळवा.