वाशिष्ठीकाठची पडीक जमीन घ्यावी का? मदत हवी आहे

मंडळी, चिपळूण शहराच्या थोडं वर, वाशिष्ठीला लागून दीड एकर पडीक जमीन विकायला निघाली आहे. मला तिथे शेती करायची नाही, गरवायचा, म्हणजे गरीने मासे धरायचा, नाद आहे. एक खोली आणि गरी टाकून बसायला हक्काचा काठ मिळाला तरी पुष्कळ. कोयनेचं अवजल (वीज तयार करून सोडलेलं पाणी) येत असल्याने नदी मे महिन्यातही वाहती असते, तिथेच जीव अडकलाय.

एजंट म्हणतो, "साहेब, पाणी इथवर कधी चढतच नाही." काठावरच्या करंजाच्या फांद्यांना, माझ्या डोक्याच्याही वर, प्लास्टिकच्या चिंध्या लोंबत होत्या. त्या कुणी वाळत घातल्या असाव्यात! २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

वडिलांच्या नावावर गावी सातबारा आहे, त्यामुळे शेतकरी असल्याच्या पुराव्याची अडचण नाही. अडलंय ते असं: सातबाऱ्यावर आठ गुंठे पोटखराबा 'ब' दाखवलाय, तो मी विकत घेतोय की नुसता बघतोय? मोजणी मागितली तर एजंट टाळतो. निळ्या पूररेषेच्या आत खोली बांधता येईल का? आणि काठ माझा झाला की समोरच्या डोहात गरवायला दुसऱ्याला मनाई करता येते का?

---

प्रतिसाद:

शेवटचं आधी. नाही येत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नदीचं पात्र सरकारचं. गावातली पोरं तुमच्या शेजारी गरी टाकून बसणारच. त्यांच्याशी गोडीने राहा, मासा कुठे लागतो ते त्यांनाच ठाऊक असतं.

निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, तिथे खोली विसरा. निळी ते लाल यांच्यामध्ये अटी पाळून परवानगी मिळू शकते. जलसंपदा विभागाकडून गट नंबरनिशी लेखी घ्या, एजंटच्या मोबाइलमधला नकाशा नको.

पोटखराबा 'ब' म्हणजे रस्ता, ओढा अशा सार्वजनिक वापराची जागा. त्याचे पैसे मोजू नका. फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) मागे जातील तितके काढा, जमीन वर्ग १ ची की विकायला सरकारी परवानगी लागणाऱ्या वर्ग २ ची तेही बघा. भूमी अभिलेखकडून मोजणी झाल्याशिवाय इसार देऊ नका. मोजणीला तयार नसलेला विकणारा बहुधा काठच विकतोय, जमीन नाही.

आणि हो, वाशिष्ठीत मगरी आहेत. संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसू नका.

---

धागाकर्ता: मगरीचं एजंट बोलला नव्हता. मोजणीचा अर्ज विकणाऱ्यानेच करायचा ना? फी कोण भरतं?