पाटी नाही म्हणून प्रोटोटाइप?
वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की पनवेलच्या फार्महाऊसवरचा, फोटोतला महिंद्राचा बी-२७५ ट्रॅक्टर प्रोटोटाइपच (कंपनीने चाचणीसाठी बनवलेला नमुनाच) असणार, कारण नंबरची पाटी नाही आणि बॉनेट वेगळं. अहो, पाटी कुणीही काढतं, आणि असं बॉनेट कुर्ल्याचा पत्रेवालाही ठोकून देईल!

फोटो झूम करून रेडिएटरखालचं वेल्डिंग बघा. ग्राइंडरच्या खुणा ताज्या आहेत, शेजारी बोल्टची जुनी भोकं बुजवलेली. कंपनीने चाचणीसाठी बनवला असता तर महिंद्राच्या कांदिवलीच्या कारखान्याचा एखादा कागद तरी मागता आला असता. खरा प्रोटोटाइप कसा असतो? ट्रॅक्टर बनवणाऱ्या हॅरी फर्ग्युसनचा १९३३ चा काळा ट्रॅक्टर लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. त्याची जन्मकुंडली पक्की आहे. पनवेलचा हा मात्र कुणीतरी हौसेने बांधलेला आहे. काम सुबक आहे, आवडला तर जरूर घ्या, पण भाव त्याच हिशेबाने करा.