कोंग्सफ्योर्ड: हिमनदीसमोर तळजीव कमी का? आणि चाळणी कोणती?

तापीकाठ (जळगाव):
एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी स्वालबार्डच्या (नॉर्वेची आर्क्टिकमधली बेटं) कोंग्सफ्योर्ड या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यातल्या तळजीवांची, म्हणजे तळाच्या गाळात राहणाऱ्या प्राण्यांची, आकडेवारी बघतेय. आतल्या टोकाला, क्रोनेब्रीन हिमनदीसमोर, प्रजाती मोजक्याच, तोंडाकडे भरपूर. पाणी तर दोन्हीकडे थंडच, मग हा फरक कशाने? शिवाय गाळ चाळून प्राणी वेगळे करताना एका संचाला ०.५ मि.मी.ची चाळणी वापरलीय, दुसऱ्याला १ मि.मी.ची. एकत्र केले तर चालतील?

सातपुडा (शहादा):
ताई, थंडीपेक्षा गाळ बघा. हतनूर धरणात तापी-पूर्णा गाळ आणून टाकतात, तसा इथं दर उन्हाळ्यात वितळणारी हिमनदी टाकते. पाणी गढूळ, उजेड खाली पोचत नाही, शैवाल कमी, म्हणजे तळाला पोचणारं अन्नही कमी. जे पोचतं ते खनिज गाळात पातळ होतं. पाणी गाळून खाणारे तुंबतात, नळी बांधून एकाच जागी बसणारे गाडले जातात. उरतात ते लहान, हलते, गाळाचा वरचा थर खाणारे पॉलिकीट (समुद्री कृमी) आणि यॉल्डिएला, थायासिरासारखे चिमुकले शिंपले. तोंडाकडे गाळ कमी आणि अटलांटिकचं पाणीही आत येतं, तिथं माल्डेनसारखे नळीवाले कृमीही तग धरतात.

केळीबाग (रावेर):
संच मुळीच एकत्र करू नका. आतल्या टोकाचे प्राणी बारीक, १ मि.मी.मधून सरळ निघून जातात. मग चाळणीचा फरक हिमनदीच्या नावावर खपतो. ०.५चे नमुने बाटल्यांत शिल्लक असतील तर १ मि.मी.वर पुन्हा चाळा आणि दोन्ही भाग वेगळे मोजा. तरी तुलना थोडी कच्चीच राहते: जिवंत कृमी जाळीतून वळवळत निसटतात, फॉर्मेलिनमध्ये (नमुने टिकवायचं द्रावण) ताठलेले अडकतात. दुसरा संच जिवंत चाळला होता का, ते आधी बघा.

तापीकाठ:
व्हॅन वीन ग्रॅबच्या (तळाचा गाळ दोन जबड्यांत पकडून वर आणणारं उपकरण) नोंदीत काही ठिकाणी 'जबडा उघडा' असा शेरा आहे. ते नमुने ठेवू?

सातपुडा:
काढून टाका. हिमनगातून पडलेले दगड जबड्यात अडकतात, वर येताना गाळ धुऊन जातो आणि आकडा खोटा कमी येतो. उलट मऊ गाळात ग्रॅब फार खोल रुतला, तर गाळाचा वरचा थर ग्रॅबच्या माथ्यावरच्या झडपांतून निसटतो, आणि बहुतेक प्राणी तिथंच असतात. तोही बाद.

केळीबाग:
०.१ चौ.मी.चा ग्रॅब असेल तर दर चौ.मी.चा आकडा काढायला प्राण्यांच्या संख्येला १०ने गुणा, प्रजातींच्या संख्येला नाही. ही चूक फार होते. तुटक्या कृमींची फक्त डोकी मोजा. शिंपल्यांची कवचं विरलेली दिसली, तर फॉर्मेलिनमध्ये बोरॅक्स (त्याची आम्लता मारणारी पूड) नव्हतं असं समजा. अशा बाटल्यांचं जैवभार वजन वापरू नका.