‘सर्व अर्ज फक्त क्रोममध्येच उघडावेत’ असा कागद लावलाय, चुकलं काय?

सेंटरवाला_खानापूर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर स्टँडजवळ माझं ऑनलाइन सेंटर आहे. तीन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स, एक लॅमिनेशन. मागच्या आठवड्यात तिन्ही मशिनींवरचं फायरफॉक्स काढलं आणि भिंतीला वर लिहिलेला कागद चिकटवला. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो रविवारी आला आणि कागद वाचून खो खो हसत सुटला. कारण विचारलं तर सांगेना. म्हणून इथे विचारतो.

माझं म्हणणं सरळ आहे. गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि त्याच्या जांबोटीच्या बसला वीस मिनिटं असतात. एका खात्याच्या पोर्टलवर फायरफॉक्समध्ये फोटो चढला, सही चढली, शेवटचं सबमिटचं बटण काही केल्या उठेना. तोच अर्ज क्रोममध्ये दोन मिनिटांत गेला. त्यातून निम्मी पोर्टलं नुसती कन्नडमध्ये. मला कन्नड वाचता येतं, खरं हाताखाली पोरगा ठेवलाय तो अक्षरं जुळवत बसतो. क्रोममध्ये पान जागच्या जागी मराठीत होतं. एज, ब्रेव्ह, ऑपेरा सगळे आतून क्रोमच. मग एकट्या फायरफॉक्ससाठी वेगळी चूल कशाला मांडायची?

वडगावचा_पोरगा

दादा, भाचा का हसला ते मी सांगतो. २००५ साली शहापुरातल्या ज्या सायबरमध्ये मी जायचो तिथे अगदी असाच कागद होता. फक्त नाव इंटरनेट एक्स्प्लोररचं होतं.

एक्स्प्लोरर ६ आलं २००१ मध्ये. दहातले नऊ जण तेच वापरायचे, स्पर्धा उरली नाही, आणि ७ यायला २००६ उजाडलं. मधली पाच वर्षं लोकांनी साइटा बांधल्या त्या वेबच्या प्रमाणांना धरून नव्हे, त्या एका ब्राउझरच्या खोडींना धरून. जून २०२२ मध्ये एक्स्प्लोरर निवृत्त झालं, तरी त्या जुन्या साइटा चालाव्यात म्हणून एजमध्ये ‘आयई मोड’ ठेवावा लागलाय आणि तो निदान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय. कर्ज काढलं कुणी आणि फेडतंय कोण बघा.

‘सगळे आतून क्रोमच’ हे तुमचं वाक्य खरं आहे, तीच तर माझी तक्रार. इंजिन म्हणजे पान वाचून पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा गाभा. ऑपेराने स्वतःचं इंजिन २०१३ मध्ये सोडलं, एजने २०२० मध्ये. आता मोठी इंजिनं उरली तीन: क्रोमचं ब्लिंक, सफारीचं वेबकिट, फायरफॉक्सचं गेको. आणि आपल्याकडच्या आयफोनवर क्रोम टाकलं तरी आत वेबकिटच असतं. तुमच्या कागदाप्रमाणे वागणारा आयफोनवाला मनात म्हणतो मी क्रोम उघडलं, उघडतंय सफारीचं इंजिन.

राहिलं ते बटण. माझी पैज, ते पोर्टल फक्त ब्राउझरचं नाव विचारतंय. भाच्याला सांगा, फायरफॉक्सने पाठवायचं नाव बदलून क्रोमचं कर आणि परत बघ.

खडेबाजार_हिशेबनीस

इंजिनाची वंशावळ ऐकून माझं रिटर्न भरलं जात नाही, भावा.

मी व्यापाऱ्यांचे जीएसटी भरतो. डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे पेनड्राइव्हसारखी यूएसबी, लावायचं, पिन टाकायचा, सही. पूर्वी हे जावा ॲप्लेटवर, म्हणजे ब्राउझरच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, चालायचं. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने तो दरवाजा बंद केला, मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सने. दोघांनी मानकाचं आणि सुरक्षेचंच कारण सांगितलं. त्या दिवसांत आम्हाला तारलं कुणी? तुम्ही ज्याला शिव्या घालताय त्याच एक्स्प्लोररने.

आता टोकनचं सॉफ्टवेअर आपल्याच मशिनीत १२७.०.०.१ या पत्त्यावर बसून असतं आणि पोर्टल ब्राउझरमार्फत त्याच्याशी बोलतं. क्रोम आणि एज विंडोजमध्ये बसवलेलं प्रमाणपत्र, म्हणजे समोरचा खरा आहे हे सांगणारं डिजिटल ओळखपत्र, मानतात, काम होतं. फायरफॉक्सची प्रमाणपत्रांची पेटी वेगळी. २० तारखेच्या रात्री जीएसटीच्या ३बी रिटर्नची मुदत, साइट रडत रडत चालतेय, आणि हा गडी मला विचारतो, ‘धोका आहे, पुढे जायचं का?’ सेंटरवाल्याचा कागद बरोबर आहे. मीही लावतो.

वडगावचा_पोरगा

हिशेबनीस, ती वेगळी पेटी हीच फायरफॉक्सची मोठी जमेची बाजू आहे, आणि त्याला पुरावा आपल्याच देशातला आहे. जुलै २०१४ मध्ये उघड झालं की एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रं निघाली होती. त्यांच्या वरची, सीसीए या प्रमाणपत्रं देणाऱ्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाची मूळ प्रमाणपत्रं विंडोजच्या यादीत होती, म्हणून विंडोजवर विसंबणाऱ्या बऱ्याच प्रोग्रॅमना ती खरी वाटली असती. फायरफॉक्सच्या पेटीत ती नव्हतीच, त्यामुळे त्याला झळ लागली नाही.

तुमची अडचण खोटी नाही. पण १२० व्या आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०२३ पासून, तुम्ही स्वतः विंडोजमध्ये बसवलेली मूळ प्रमाणपत्रं फायरफॉक्स आपणहून मानतं. जुनं असेल तर अपडेट करा.

खडेबाजार_हिशेबनीस

२०१४ च्या एका प्रकरणासाठी मी दर महिन्याला देव पाण्यात घालून बसायचं? अपडेट करून बघतो. २० तारखेनंतर.

टिळकवाडी_नेटवर्क

मी ऑफिसांची नेटवर्कं सांभाळतो. सुरक्षेचा मुद्दा निघालाच आहे तर तोही पुरता बोलूया. प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये कोंडायची सोय क्रोमने डेस्कटॉपवर २०१८ मध्ये सर्वांना दिली, स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या दोषाचा बोभाटा झाला त्याच वर्षी. फायरफॉक्सला त्यासाठी २०२१ उजाडलं. ऑगस्ट २०२३ पासून क्रोमचे सुरक्षा पॅच दर आठवड्याला येतात. छोट्या टीमला ही धाव झेपत नाही, यात अपमान कसला?

आणि ‘इंजिन वेगळं म्हणजे धोका वेगळा’ हे कायम खरं नसतं. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, भोक सापडलं. क्रोमही सापडलं, फायरफॉक्सही, कारण लायब्ररी एकच. घरं दोन, खरं विहीर एक.

निपाणीची_सून

भाषांतराबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या बचत गटाचे अर्ज मीच भरते. कन्नड पान मराठीत करून गावांच्या यादीत ‘होसूर’ शोधत होते, सापडेना. दहा मिनिटांनी ट्यूब पेटली. यादीत ‘नवीन गाव’ असं एक गाव उगवलं होतं! होस म्हणजे नवीन, ऊरु म्हणजे गाव. भाषांतराने आपलं काम चोख केलं होतं. चूक माझीच, मराठीत केलेल्या पानावर अर्ज भरायचाच नसतो. वाचायचं मराठीत, मग मूळ पानावर परत जाऊन भरायचं. भाषांतर करताना ब्राउझर पानाची आतली रचनाही बदलतो, त्यामुळे काही फॉर्म मध्येच अडकतात असं माझ्या दिराने सांगितलं.

सेंटरवाले भाऊ, आणखी एक. तुम्ही पान भाषांतराला देता तेव्हा त्यातला मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो. समोरच्या बाईचं नाव, उत्पन्न, सगळं पानावर असतं. फायरफॉक्सचं भाषांतर २०२३ पासून आपल्याच मशिनीत होतं. भाषांची यादी गूगलएवढी लांब नाही हे कबूल.

आणि ते हिरवं, मोठं, खोटं ‘डाऊनलोड’ बटण! जाहिरात असते, तुमचा पोरगा हमखास तिथेच दाबणार. जाहिराती अडवणारं पूर्वीचं यूब्लॉक ओरिजिन क्रोमने नव्या नियमांमुळे २०२४-२५ मध्ये बंद केलं, त्याचं हलकं भावंड तेवढं उरलं. फायरफॉक्समध्ये मूळ अजून चालतं. मला याहून मोठी सुरक्षा माहीत नाही.

टिळकवाडी_नेटवर्क

ताई, या शेवटच्या मुद्द्यावर माझी हार. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर फायरफॉक्स आहे, ते याच कारणाने. ऑफिसांना मात्र एजच देणार.

उद्यमबाग_लेथ

आमच्या वर्कशॉपमध्ये मशीनच्या सॉफ्टवेअरसाठी एक विंडोज ७ जपून ठेवलंय, ४ जीबी रॅम. त्याच्यावर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. फायरफॉक्सने ११५ च्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर विंडोज ७ ला त्यानंतरही बराच काळ पॅच दिले. गरिबाला कुणी धरून ठेवलं ते बघा.

टिळकवाडी_नेटवर्क

विंडोज ७ चाच आधार जानेवारी २०२० ला संपला. भिंत पडलेल्या घराला नवीन कुलूप घालून काय होतंय? ती मशीन नेटवरून काढा की.

उद्यमबाग_लेथ

ड्रॉइंग मेलवर येतं, साहेब. पेनड्राइव्ह घेऊन रोज मच्छेला कोण जाणार?

वेगाबद्दल तुम्ही सगळे गप्प आहात. खरं सांगू, मला फरकच कळत नाही.

वडगावचा_पोरगा

कळणार नाहीच. वेग मोजायची स्पीडोमीटर ३ ही चाचणी मार्च २०२४ मध्ये आली, ती ब्राउझरवाल्यांनीच एकत्र बसून केली आहे. आज तिन्ही इंजिनांतला फरक काउंटरवर नखाएवढा. कणकुंबीत रेंजची एक दांडी येते-जाते आणि पलीकडे सर्व्हर झोपलेला, तिथे इंजिन काय करणार? जाहिराती अडवल्या तर मात्र जुन्या मशिनीवर फरक डोळ्यांनी दिसतो.

मास्तर_येळ्ळूर

मुलांनो, तुमच्या भांडणात अक्षर राहून गेलं.

वीसएक वर्षांपूर्वी मराठी वर्तमानपत्रांच्या साइटा आपापल्या खासगी फाँटांत असायच्या. तो फाँट पानाबरोबर उतरायचा, पण एक्स्प्लोररमध्येच. दुसऱ्या ब्राउझरमध्ये मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा. तेव्हा फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाचं एक्स्टेन्शन मिळायचं, ते असला मजकूर युनिकोडमध्ये करून दाखवायचं. मी बेळगावात बसून मराठी बातम्या त्याच्यावर वाचल्या आहेत. एकाच ब्राउझरसाठी बांधलेल्या त्या पानांचा मजकूर शोधात सापडायचा नाही, कॉपी करून दुसरीकडे टाकला तर कचराच उमटायचा.

आज क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही अक्षरजुळणीला हार्फबझ ही एकच लायब्ररी वापरतात. म्हणून ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ दोन्हीकडे वेगवेगळे आणि बरोबर उमटतात. नेटवर्कवाल्यांची ती विहीर इथे गोड पाण्याची आहे.

पण प्रमाण पाळलं नाही तर काय होतं ते सांगतो. वाचनालयाचं पत्रक आम्ही वेबवर करतो आणि तिथूनच छापतो. छापल्यावर बघतो तर ‘शाळा’तला श आणि ‘बाल’मधला ल हिंदी वळणाचे! महाराष्ट्राने २००९ च्या शासन निर्णयात देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल घ्यायला सांगितलंय. फाँटात दोन्ही रूपं होती. ब्राउझरही निर्दोष. पान करणाऱ्या मुलाने भाषेच्या जागी हिंदीचा ‘एचआय’ हा संकेत टाकला होता. ‘एमआर’ केल्यावर दोन्ही ब्राउझरांत पाकळी आली. ही व्यवस्था कुणा एका कंपनीची नाही, म्हणून दोन्हीकडे चालली.

खडेबाजार_हिशेबनीस

मास्तर, नमस्कार. ‘ल’साठी मी फायरफॉक्सही टाकेन, खरं सरकारने स्वतःचा ब्राउझर काढायची स्पर्धा घेतली होती ना? तो आला की माझ्या टोकनचं भांडणच मिटेल.

वडगावचा_पोरगा

ऑगस्ट २०२३ ची स्पर्धा. सीसीएचं मूळ प्रमाणपत्र आत हवं अशी अट होती, म्हणजे तुमच्या मनासारखीच. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला, पहिला आला झोहो, एक कोटीचं बक्षीस. त्यांचा उला ब्राउझर क्रोमियमवरच उभा आहे. शिलाई देशी, कापड तेच.

सेंटरवाला_खानापूर

काल संध्याकाळी गर्दी कमी झाल्यावर भाच्याला बसवलं. एका मशिनीवर फायरफॉक्स परत टाकलं, पाठवायचं नाव बदलून क्रोमचं केलं आणि तेच पोर्टल उघडलं. बटण उठलं. आत काही बिघडलेलं नव्हतं, दारावरचा माणूस नुसती जात विचारत होता. वडगावकर, पैज जिंकलास.

खरं दुसऱ्या एका पोर्टलवर अंगठ्याची मशीन लावली, तिथे नाव बदलूनही फायरफॉक्समध्ये गाडी पुढे सरकली नाही. क्रोममध्ये चालली. मात्र हल्ली क्रोमही आपल्याच मशिनीतल्या सॉफ्टवेअरशी बोलायची परवानगी विचारायला लागलंय. पोराने घाईत ‘नको’ दाबलं आणि मग अर्धा तास केबल बदलत बसला. म्हणजे क्रोम असलं की डोक्याला ताप नाही, असंही नाही.

आता दोन मशिनींवर क्रोम, एकावर दोन्ही. निपाणीच्या ताईंचं ऐकून त्या मशिनीवर यूब्लॉक टाकलंय आणि पोराला सांगितलंय, वाच मराठीत, भर कन्नडमध्ये. कागद अजून भिंतीवर आहे. भाच्याने हा धागा वाचून त्याच्या खाली पेनने ‘२००५’ असं लिहून ठेवलंय.

मास्तर_येळ्ळूर

तुझ्याकडे प्रिंट कशी काढून मिळते? पत्रकाच्या शंभर प्रती हव्यात. फायरफॉक्समधून काढ नाहीतर क्रोममधून, ल नीट आला तरच पैसे देईन.