रोममधली चर्चेस बघायची आहेत, सोबत आई-बाबा, काय काय बघू?

भटकंती_पुणे:
दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन रोमला जातोय. टूर कंपनीवाले व्हॅटिकन म्हणजे अर्धा दिवस म्हणतात, मला ते पटत नाहीये. बाबांचे गुडघे दुखतात आणि आई रोज साडीच नेसते, आत सोडतात ना? आणि प्रार्थना चालू असताना आपण गेलो तर चालतं का?

सहलवेडी:
साडी बिनधास्त चालते, मदर तेरेसांच्या सिस्टर्स साडीतच असतात की. नियम एवढाच की खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, त्यामुळे तू शॉर्ट्स घालू नकोस, दारातून परत पाठवतात. व्हॅटिकनमधल्या मुख्य चर्चला, म्हणजे सेंट पीटर्सला, तिकीट नाही पण सिक्युरिटीची रांग भयंकर असते, म्हणून सकाळी सातलाच जा. बुधवार सकाळ टाळा, त्या दिवशी चौकात पोपची सभा असते. घुमटाला ५५१ पायऱ्या आहेत, लिफ्ट घेतली तरी ३२० उरतातच, बाबांना नको. त्यापेक्षा आत उजव्या हाताला मायकेलअँजेलोचा पिएता, म्हणजे मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीचा पुतळा आहे तिथे त्यांना निवांत उभं राहू दे. १९७२ मध्ये एकाने हातोड्याने घाव घातले तेव्हापासून काचेमागे आहे, तरी मेरीचा चेहरा बघून माणूस गप्प होतो. मायकेलअँजेलोने छत रंगवलेलं सिस्टीन चॅपल व्हॅटिकन म्युझियममधून आहे, त्याचं दार वेगळं, भिंतीला बराच वळसा घालून चालावं लागतं, तिकीट आधीच ऑनलाइन काढा.

वसईकर_पोरगा:
मी कॅथलिक आहे म्हणून मिस्साबद्दल, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक प्रार्थनेबद्दल सांगतो. मिस्साला कुणीही बसू शकतं, खरंच बसा, नुसते फोटो काढून बाहेर पडलात तर ती जागा कळतच नाही. मागच्या बाकावर बसायचं, लोक उभे राहिले की उभं राहायचं, गुडघे टेकले नाहीत तरी कुणी काही म्हणत नाही. फक्त ख्रिस्तप्रसाद घ्यायला लोक रांगेत जातात तेव्हा आपण जागेवरच बसायचं, तो कॅथलिकांसाठीच असतो. आणि त्या वेळात मोबाईल खिशात ठेवा प्लीज, फार वाईट वाटतं बघून.

भटकंती_पुणे:
हे कुणीच सांगितलं नव्हतं, थँक्स दादा. व्हॅटिकन सोडून एकच चर्च बघायचं तर?

वसईकर_पोरगा:
लोक सांता मारिया माज्जोरे सांगतील, पोप फ्रान्सिस २०२५ मध्ये तिथेच पुरले गेले, आणि पाचव्या शतकातली मोझेक्स, म्हणजे रंगीत तुकड्यांची चित्रं आहेत, बघाच. पण एकच म्हणशील तर मी जेझू म्हणेन, जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचं मुख्य चर्च. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचं शरीर आहे ना, त्यांचा उजवा हात १६१४ मध्ये काढून रोमला पाठवला, तो इथे त्यांच्या वेदीवर आहे. याच हाताने त्यांनी हजारोंना बाप्तिस्मा दिला म्हणून तोच मागवला. गोव्याला लहानपणापासून जात आलोय, त्यामुळे तिथे उभं राहिल्यावर मला बोलता येईना.

सहलवेडी:
हो जेझू सुंदरच आहे, छताकडे बघून मान दुखते. रोममधली बरीच चर्चेस दुपारी बंद असतात हे लक्षात ठेव, सकाळीच उरका नाहीतर चारनंतर जा.

भटकंती_पुणे:
बाबा गोव्याला झेवियरच्या दर्शनाला जाऊन आलेत, त्यांना आत्ताच फोन करून सांगतो.